पेडल स्टील गिटार आणि संगीताची थिअरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडल स्टील म्हणजे आडवी मांडलेली गिटार. डाव्या हातातला धातूचा बार तारांवर फ्रेटच्या खुणांपाशी सरकवून, आणि पायाने पेडल व गुडघ्याने लिव्हर हलवून तिचे सूर बदलतात. खालची उत्तरं दहा तारांच्या, ई-नाइन ट्यूनिंगच्या, तीन पेडल आणि चार-पाच गुडघा-लिव्हर असलेल्या पेडल स्टीलला धरून लिहिली आहेत. नव्याने शिकणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा हेच वाद्य येतं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या वाद्यात सुरांनाही ए, बी, सी म्हणतात आणि पेडलनाही. म्हणून ‘पेडल’ हा शब्द सोबत असेल तिथेच पेडल समजा, बाकी सगळीकडे सूर किंवा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर).

थिअरी न शिकता पेडल स्टील वाजवता येत नाही का?

येतं. कानाने आणि टॅबवरून (कोणत्या तारेवर कोणता फ्रेट ते आकड्यांत लिहिलेल्या कागदावरून) शिकून छान वाजवणारे खूप जण आहेत. पण या वाद्याची एक खास अडचण आहे. साध्या गिटारवर एका तारेवर एका फ्रेटला एकच सूर असतो. इथे बार तिसऱ्या फ्रेटवर तसाच ठेवून पाय हलला की पाचवी तार डी सोडून ई वाजवू लागते, गुडघा हलला की चौथी तार जी सोडून एफ शार्प. त्यामुळे ‘हा सूर कुठे आहे’ या प्रश्नाचं उत्तर एका जागेत मिळत नाही. बार, पाय आणि गुडघा यांचा मेळ म्हणजे ते उत्तर, आणि त्या मेळाचा नकाशा म्हणजे थिअरी. तो नसेल तर पाठ केलेले तुकडे तेवढे हातात राहतात. गायकाने पट्टी बदलली किंवा गाणं अनोळखी कॉर्डवर गेलं की हात थबकतो.

मग नेमकी किती थिअरी लागते?

लोक घाबरतात तेवढी नाही. मेजर स्केलच्या सात पायऱ्या, त्यांच्यातली अंतरं (दोन-दोन-एक-दोन-दोन-दोन-एक अर्धस्वर), कॉर्ड कोणत्या पायऱ्यांनी बनतो, आणि एका पट्टीत कोणत्या पायरीवर मेजर, कोणत्या पायरीवर मायनर कॉर्ड बसतो. सुरुवातीला एवढं पुरतं.

मेजर कॉर्ड म्हणजे १, ३, ५. मायनर म्हणजे १, कोमल ३, ५. मेजरला कोमल ७ जोडला की डॉमिनंट सेव्हन्थ. मेजर पट्टीत १, ४ आणि ५ वर मेजर कॉर्ड येतात, २, ३ आणि ६ वर मायनर, आणि ७ वर डिमिनिश्ड (१, कोमल ३ आणि अर्धा सूर उतरलेला ५). मोडची नावं, काउंटरपॉइंट वगैरे गोष्टी सुंदर आहेत, पण त्यांची घाई नको. वर सांगितलेलं थोडकंच आहे, पण ते इतकं तयार हवं की कोणी ‘डीची तिसरी पायरी’ म्हणताच क्षणात ‘एफ शार्प’ आठवावं.

मला सरगम येते. तिचा उपयोग होईल का?

भरपूर होईल. ज्याला हलता षड्ज समजतो, त्याचं अर्धं काम झालेलं असतं. बिलावलचे शुद्ध स्वर म्हणजे मेजर स्केल, सा ते नि म्हणजे १ ते ७. कोमल गंधार म्हणजे कोमल ३, कोमल निषाद म्हणजे कोमल ७. बार सरकला की सा सरकला, एवढं कळलं की बाराही पट्ट्या एकच होतात.

फक्त एक सवय नव्याने लावावी लागते. रागात सा शेवटपर्यंत जागचा हलत नाही. इथे गाण्याचा सा तोच राहतो, पण खालचा कॉर्ड दर एक-दोन मात्रागटांनी बदलतो, आणि प्रत्येक सुराचं त्या कॉर्डशीही नातं असतं. जी पट्टीतला ई गाण्याच्या हिशोबाने धैवत आहे, पण सी कॉर्ड चालू असताना तोच ई त्या कॉर्डचा गंधार होतो आणि तसाच गोड लागतो. हे दोन्ही हिशोब एकाच वेळी ऐकू येऊ लागले की पेडल स्टीलचं कोडं सुटायला लागतं.

ई-नाइन ट्यूनिंग असं विचित्र का आहे?

पहिली तार वादकापासून सर्वांत लांब आणि दहावी, सर्वांत जाड तार अगदी जवळ. सूर असे:

१ – एफ शार्प
२ – डी शार्प
३ – जी शार्प
४ – ई
५ – बी
६ – जी शार्प
७ – एफ शार्प
८ – ई
९ – डी
१० – बी

याकडे पायऱ्यांच्या नजरेने बघा, म्हणजे विचित्रपणा जातो. ३, ४, ५, ६, ८ आणि १० या सहा तारा म्हणजे निव्वळ ई मेजर कॉर्ड. नवव्या तारेवर कोमल ७, सातव्या आणि पहिल्या तारेवर २ (कॉर्डच्या भाषेत ९). १, ३, ५, कोमल ७ आणि ९ मिळून ई-नाइन कॉर्ड होतो, म्हणून ट्यूनिंगचं नाव ते. दुसऱ्या तारेवर शुद्ध ७ आहे.

पहिल्या दोन तारा उंचीच्या क्रमात बसत नाहीत. तिसरी तार त्या दोघींपेक्षा उंच आहे. या दोन तारा पेडल स्टील वादक बडी एमन्स यांनी १९६२ च्या सुमारास जोडल्या, त्या स्केलमधल्या मोकळ्या जागा भरण्यासाठी. नवशिके त्यांना हात लावायला कचरतात, पण मेजर स्केलच्या २ आणि ७ या पायऱ्या तिथेच बसल्या आहेत. त्यांच्याशी लवकर मैत्री करा.

पेडल आणि लिव्हर नेमकं काय करतात?

बहुतेक वाद्यांवर असं:

ए पेडल – ५ आणि १० या तारांचा बी चढून सी शार्प
बी पेडल – ३ आणि ६ या तारांचा जी शार्प चढून ए
सी पेडल – चौथ्या तारेचा ई चढून एफ शार्प, पाचवीचा बी चढून सी शार्प
एफ लिव्हर – ४ आणि ८ या तारांचा ई चढून एफ
ई-फ्लॅट लिव्हर – ४ आणि ८ या तारांचा ई उतरून डी शार्प (म्हणजेच ई-फ्लॅट)

याशिवाय दुसरी आणि नववी तार उतरवणारी लिव्हर असते, पहिली तार चढवणारी असते, आणि काही वाद्यांवर बीला बी-फ्लॅट करणारी, गुडघा वर उचलून चालवायची लिव्हर असते. पण वरच्या पाच बदलांत पहिल्या वर्षाची सगळी थिअरी मावते.

१९५४ साली गाजलेल्या, कंट्री गायक वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी सूर वाजत असतानाच पेडल दाबून तो वळवला, आणि तो आवाज सगळ्यांनाच हवासा झाला. त्यांच्या वाद्यावर आजच्या ए आणि बी पेडलचं काम एकाच पेडलवर होतं. एमन्स यांनी ते दोन पेडलांत विभागलं. थिअरीच्या दृष्टीने ही विभागणी मोठी आहे. दोन्ही बदल एकदम झाले की मिळतो फक्त ४ वरचा मेजर कॉर्ड. वेगळे केल्यावर एकट्या ए पेडलने ६ वरचा मायनर मिळतो आणि एकट्या बी पेडलने सस-फोर (३ च्या जागी ४ असलेला कॉर्ड). पेडल कशासाठी आहे हे समजून घ्यायचं असेल तर हे तीन आवाज पाठोपाठ वाजवून ऐका.

एकच पेडल दर वेळी वेगळं का वाटतं?

सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

ए पेडल बीला सी शार्प करतं, हे यंत्राचं वर्णन झालं. कानाला जे जाणवतं ते खालच्या कॉर्डवर ठरतं. बार न ठेवता तारा उघड्या आहेत असं समजून तीन उदाहरणं घेऊ.

पेडल न लावता ई कॉर्ड चालू असेल, तर बी ही पाचवी पायरी. ए पेडल दाबलं की ५ चा ६ होतो. आवाज मोकळा, हसरा.

ए कॉर्ड चालू असेल (बी पेडल आधीच दाबलेलं), तर बी ही दुसरी पायरी. आता ए पेडलने २ चा ३ होतो. लोक ज्याला पेडल स्टीलचं रडणं म्हणतात, ते बहुतेक वेळा हेच: अधांतरी २ घरच्या ३ वर येऊन टेकतो.

सी शार्प कॉर्ड चालू असेल (एफ लिव्हर लावलेली), तर बी हा कोमल ७. ए पेडल त्याला थेट १ वर पोचवतं. इथे ओढ फार जबरदस्त आहे. सूर घरी परततो.

पाय तेवढाच दाबला, तार तीच वाजली, आणि तीन वेगळे अर्थ निघाले. बी पेडलचंही असंच. ई कॉर्डवर ते ३ ला ४ करतं, ए कॉर्डवर ७ ला १ करतं. ई-फ्लॅट लिव्हर ई कॉर्डवर १ ला ७ वर उतरवते, ए कॉर्डवर ५ ला अर्धा सूर खाली नेते. एफ लिव्हर ई कॉर्डवर एकटी लावली तर १ चा कोमल २ होतो आणि डिमिनिश्ड चव येते. सी शार्पच्या घरात मात्र ती कोमल ३ ला ३ करते, म्हणजे मायनरचा मेजर.

म्हणून ‘ए पेडल म्हणजे बीचा सी शार्प’ हे पाठ करून थांबू नका. ‘या कॉर्डवर ए पेडल कुठल्या पायरीला कुठे नेतं’ हे पाठ करा. माझ्या मते पेडल स्टीलची थिअरी मुळात एवढीच आहे. बाकी सगळं याच एका गोष्टीचा विस्तार.

एक मेजर कॉर्ड तीन ठिकाणी मिळतो म्हणतात. ती तीन ठिकाणं कोणती?

जी मेजर घेऊ:

तिसरा फ्रेट, पेडल नाही
सहावा फ्रेट, ए पेडल आणि एफ लिव्हर
दहावा फ्रेट, ए आणि बी पेडल

पंधराव्या फ्रेटवर पुन्हा पहिलीच जागा, एक सप्तक वर. तीन फ्रेट, मग चार, मग पाच, असं हे अंतर प्रत्येक कॉर्डला लागू पडतं.

यातली गंमत सहा, पाच, चार या तीनच तारा वाजवल्यावर कळते. सहावीपासून वर मोजत तिसऱ्या फ्रेटवर बी-डी-जी मिळतात, म्हणजे ३-५-१. सहाव्या फ्रेटवर डी-जी-बी, म्हणजे ५-१-३. दहाव्या फ्रेटवर जी-बी-डी, म्हणजे १-३-५. तारा त्याच, उलथापालथ वेगळी. पुस्तकात इन्व्हर्जन म्हणून जे तीन प्रकार वाचायला मिळतात, ते इथे बारने चढायच्या तीन पायऱ्या आहेत. प्रत्येक ठिकाणी थांबून तिन्ही तारांच्या पायऱ्या तोंडाने म्हणा. तोंडाने म्हणण्याला पर्याय नाही. मनातल्या मनात म्हटलेलं निम्मं निसटतं.

सगळे कॉर्ड एकाच फ्रेटवर मिळतात हे खरं का?

एका पट्टीतले सातही मिळतात, बार जराही न हलवता. जी पट्टी, तिसरा फ्रेट:

१, जी – पेडल नाही. तारा ४, ५, ६
२, ए मायनर – बी आणि सी पेडल. तारा ४, ५, ६
३, बी मायनर – ई-फ्लॅट लिव्हर. तारा ४, ५, ६
४, सी – ए आणि बी पेडल. तारा ४, ५, ६
५, डी – ई-फ्लॅट लिव्हर. तारा ५, ७, ८
६, ई मायनर – ए पेडल. तारा ४, ५, ६
७, एफ शार्प डिमिनिश्ड – ई-फ्लॅट लिव्हर आणि बी पेडल. तारा ६, ७, ८

शेवटच्या ओळीत पाचवी तारही वाजवा. डिमिनिश्ड कॉर्डमध्ये डी मिसळला आणि तो डी सेव्हन्थ झाला. सातव्या पायरीवरचा कॉर्ड पाचवीवरच्या सेव्हन्थचं काम का करतो, हे पानभर वाचून कळत नाही ते इथे एका तारेने कळतं.

यातून दुसरीही गोष्ट हाती लागते. जीवरून सीवर जाताना काय घडतं ते सावकाश ऐका. चौथी तार जी वाजवते आणि जागची हलत नाही. जीमध्ये ती १ होती, सीमध्ये ती ५ झाली. सहावी तार बीवरून सीवर अर्धा सूर चढते. पाचवी डीवरून ईवर पूर्ण सूर चढते. एक सूर धरून ठेवायचा आणि बाकीचे जवळच्या जवळ सरकवायचे, यालाच व्हॉइस लीडिंग म्हणतात. पियानो शिकणाऱ्याला ते मुद्दाम शिकावं लागतं. पेडल स्टीलची बांधणीच त्यासाठी झाली आहे. पाय झटक्यात न दाबता हळूहळू दाबलात तर एक कॉर्ड दुसऱ्यात विरघळताना ऐकू येतो. ते ऐकायला या वाद्यापाशी बसावं असं मला मनापासून वाटतं.

आणि स्केल?

तोही एका फ्रेटवर. आठवी तार १, सातवी २, सहावी ३, सहावी बी पेडलसह ४, पाचवी ५, पाचवी ए पेडलसह ६, दुसरी ७, चौथी पुन्हा १. तिसऱ्या फ्रेटवर हाच जी मेजर. दुसऱ्या तारेवर जाताना अंगठा आणि बोटांना उडी मारावी लागते, तिथे घाई करू नका. मायनर पेंटाटॉनिकसाठी (पाच सुरांच्या स्केलसाठी) वेगळा नकाशा शोधायची गरज नाही. ई मायनरची पेंटाटॉनिक म्हणजे जी मेजरची १, २, ३, ५, ६. फक्त मुक्काम ६ वर करायचा.

सेव्हन्थ, ऑगमेंटेड, डिमिनिश्ड कुठे?

डॉमिनंट सेव्हन्थ: पेडल न लावता ५, ६, ८, ९ या तारा. डिमिनिश्ड सेव्हन्थ: एफ लिव्हर लावून त्याच चार तारा. ऑगमेंटेड (१, ३ आणि अर्धा सूर चढलेला ५): ए आणि बी पेडल आणि एफ लिव्हर एकदम, तारा ४, ५, ६. डिमिनिश्ड सेव्हन्थ दर तीन फ्रेटांनी स्वतःचाच कॉर्ड पुन्हा देतो, ऑगमेंटेड दर चार फ्रेटांनी, कारण त्यांतली अंतरं सारखी आहेत.

नंबर सिस्टिम शिकावी का?

हो, आणि लगेच. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओंत कॉर्डच्या नावांऐवजी आकडे लिहायची पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायनसमूहातल्या नील मॅथ्यूज ज्युनियर यांनी आणली आणि स्टुडिओ वादक चार्ली मकॉय यांनी ती पुढे नेली. एक आकडा म्हणजे एक मात्रागट. ‘१ १ ४ ५’ असं लिहिलं की चार मात्रागटांचा हिशोब झाला. मायनरसाठी आकड्यानंतर उणे चिन्ह. एकाच मात्रागटात दोन कॉर्ड असतील तर दोन आकड्यांखाली मिळून एक रेघ. आकड्याभोवती चौकट तिरपी, पतंगासारखी असेल तर तो कॉर्ड वाजवून घुमू द्यायचा.

पेडल स्टीलला ही पद्धत चपखल बसते, कारण आपलं वाद्यही आकड्यांतच विचार करतं. ४ आला म्हणजे जागेवरच ए आणि बी पेडल. ५ आला म्हणजे तेच दोन पेडल दाबलेले ठेवून दोन फ्रेट पुढे. पट्टी जी असो की बी-फ्लॅट, हातापायांची हालचाल बदलत नाही, सुरुवातीचा फ्रेट तेवढा बदलतो.

स्टाफ नोटेशन वाचता यायला हवं का?

बहुतेकांना लागत नाही. दुसऱ्या वादकांसाठी लिहिलेल्या चाली वाचायच्या असतील तर ट्रेबल क्लेफ शिका.

टॅब पुरत नाही का?

टॅब हात कुठे ठेवायचा ते सांगते, पण तो सूर तिथे का आहे हे सांगत नाही. दहा ओळी, त्यांवर फ्रेटचा आकडा आणि शेजारी पेडलचं अक्षर. एखादा तुकडा टॅबवरून बसवलात की त्याच कागदावर प्रत्येक सुराखाली चालू कॉर्डची पायरी लिहा. मग तोच तुकडा दुसऱ्या दोन जागांवर, म्हणजे ए पेडल–एफ लिव्हरच्या आणि ए–बी पेडलच्या जागेवर, पायऱ्यांवरून शोधा. कधी सगळे सूर मिळतील, कधी एखादा सोडावा लागेल. पण एवढं केल्यावर तो तुकडा दुसऱ्याचा राहत नाही. टॅबची पन्नास पानं गोळा करण्यापेक्षा चार तुकड्यांवर ही मेहनत घेतलेली बरी.

ट्यूनर सगळं बरोबर दाखवतो, तरी कॉर्ड बेसूर का लागतो?

कारण तुमचा कान ट्यूनरपेक्षा चोखंदळ आहे. ट्यूनर सप्तकाचे बारा समान भाग करतो, प्रत्येकी १०० सेंटचा. त्याची मेजर थर्ड (१ ते ३ हे अंतर) ४०० सेंटची. पण ५:४ या प्रमाणातला निर्मळ गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. तानपुऱ्यात आपोआप ऐकू येतो तो हाच. पियानोचा सूर विरून जातो म्हणून तिथे १४ सेंटचा फरक खपतो. पेडल स्टीलचे सूर लांबवून धरले जातात, शेजारी-शेजारी घासतात, आणि फरक ठोक्यांसारखा थरथरताना ऐकू येतो. म्हणून पुष्कळ वादक जी शार्पच्या तारा ट्यूनरच्या काट्यापेक्षा थोड्या उतरवून, कानाने लावतात.

गंधार निर्मळ केला की पुढचा हिशोब सुरू होतो. ए पेडलचा सी शार्प एशी निर्मळ लावला तर तोही ट्यूनरपेक्षा सुमारे १६ सेंट खाली जातो. त्या सी शार्पवर एफ लिव्हरचा गंधार निर्मळ लावायचा तर तो ट्यूनरवरच्या एफपेक्षा सुमारे ३० सेंट खाली पडतो. नवशिक्याला वाटतं लिव्हर बिघडली. ती बिघडलेली नाही. आणि याच कारणाने ए पेडल–एफ लिव्हरच्या जागेवर बार फ्रेटच्या रेषेच्या किंचित पुढे ठेवावा लागतो, कारण तिथला षड्ज सी शार्पच आधी खाली आहे.

एफ शार्पच्या तारांचं दुखणं मात्र खरंच सुटत नाही. पेडल न लावता बीशी जुळणारा एफ शार्प आणि पेडल लावल्यावर सी शार्पशी जुळणारा एफ शार्प यांच्यात सुमारे २२ सेंटचं अंतर आहे. एकच तार दोघांचं समाधान करू शकत नाही. काही वाद्यांवर यासाठी कॉम्पेन्सेटर बसवतात, जो ए पेडलबरोबर ती तार थोडी उतरवतो. बाकीचे मधली जागा पकडतात आणि बारच्या हलक्या कंपनाने झाकून नेतात. काही वादक सगळंच समान भागांत लावतात, म्हणजे पियानोबरोबर वाजवताना भांडण होत नाही. दोन्ही पद्धती चालतात. कोणती घेता ते ठरवा आणि तिच्यावर कान तयार करा.

पेडल दाबल्यावर वाद्याच्या सांगाड्यावर ताण येऊन न बदललेल्या ताराही जराशा उतरतात, याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात. म्हणून पेडल दाबून लावलेला कॉर्ड आणि मोकळा कॉर्ड दोन्ही तपासा.

माझ्या वाद्यावर पेडल किंवा लिव्हर वेगळ्या क्रमाने आहेत. हे सगळं मला लागू पडेल का?

पडेल. एमन्स पद्धतीत पेडल डावीकडून ए, बी, सी असतात. वादक जिमी डे यांच्या पद्धतीत उलट, सी, बी, ए. लिव्हर तर बनवणाऱ्यागणिक इकडच्या तिकडे होतात. बदल तेच राहतात, फक्त पाय आणि गुडघा वेगळा हलतो. कुठला पेडल कुठली तार किती हलवतो याच्या तक्त्याला कोपेडंट म्हणतात. तुमच्या वाद्याचा कोपेडंट स्वतःच्या हाताने कागदावर काढा, प्रत्येक तार एकेक करून ऐका, आणि सुराच्या नावाशेजारी पायरीही लिहा. कोणाकडून आयता घेतलेला तक्ता तितका डोक्यात बसत नाही.

सी-सिक्स ट्यूनिंगकडे कधी वळावं?

ई-नाइनवर वरचे सात कॉर्ड कोणत्याही पट्टीत न अडखळता येऊ लागले की. सी-सिक्स वेस्टर्न स्विंग आणि जॅझकडे झुकलेलं आहे. ई-नाइनमध्ये तीन सुरांचे कॉर्ड एकातून दुसऱ्यात वळतात, तर इथे चार-पाच सुरांचे भरलेले कॉर्ड मिळतात. सी, ई, जी, ए हा सी-सिक्सही आहे आणि ए मायनर सेव्हन्थही, हे आधी पचवा. सी-सिक्ससाठी वेगळे पेडल असतात आणि त्यांना आकड्यांनी ओळखतात. पाचवं पेडल जीचा एफ शार्प करून डी-नाइनचा आवाज देतं, सहाव्याने एफ-नाइन मिळतो, सातव्याने सी मेजर-नाइन, आणि आठव्याने खालच्या तारांवर ए सेव्हन्थ. आठवं आणि पाचवं पाठोपाठ दाबलं की ए सेव्हन्थवरून डी-नाइन, म्हणजे पाचव्या पायरीवरून पहिलीवर उतरण्याची जॅझची ओळखीची चाल बार न हलवता होते.

आधी कीबोर्डवर थिअरी शिकून मग यावं का?

वाट बघू नका. अर्धस्वर डोळ्यांना दिसावेत म्हणून छोटा कीबोर्ड शेजारी असला तर चांगलंच, पण शिकणं स्टीलवरच होऊ द्या.

रियाजात थिअरीला किती वेळ द्यावा?

वेगळा वेळ काढण्यापेक्षा वाजवण्यातच मिसळा. बसल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं एकच पट्टी घ्या. एका फ्रेटवरचे सात कॉर्ड १ ते ७, मग ७ ते १. नंतर १, ६, २, ५ असा फेरा. मग तोच फेरा दुसऱ्या जागेवरून. दुसऱ्या दिवशी दुसरी पट्टी. आवाज बंद ठेवून, नुसता बार आणि पाय हलवून पायऱ्या म्हणण्याचाही फायदा होतो, कारण मग कानाच्या आधाराशिवाय डोक्याला काम करावं लागतं.

सोलो वाजवताना एवढं सगळं आठवत नाही. काय करू?

सगळं आठवायचंच नाही. प्रत्येक कॉर्डसाठी एकच गोष्ट ठरवा: या कॉर्डचा ३ सध्या कोणत्या तारेवर आहे? जी तिसऱ्या फ्रेटवर असेल तर तिसरी आणि सहावी तार. तिथेच ए आणि बी पेडल दाबून सी झाला की पाचवी तार. ई मायनर असेल तर कोमल ३ चौथ्या तारेवर. कॉर्ड बदलताना तुमचा सूर नव्या कॉर्डच्या ३ वर पोचला, की ऐकणाऱ्याला मागे साथ नसतानाही कॉर्ड बदलल्याचं कळतं. आठवडाभर फक्त १ आणि ४ हे दोनच कॉर्ड लावून सहाव्या तारेवरून पाचवीवर जा आणि परत या. हा रस्ता पक्का झाला की मग ५ जोडा. दोन फ्रेट पुढे, ए आणि बी पेडल तसेच, आणि ३ पुन्हा पाचव्या तारेवर.